बाळाची पहिली लस आईच्या दंडावर

प्राथमिक आरोग्य केंद्रातील शीतसाखळीच्या, म्हणजे लसी थंड ठेवण्याच्या, खोलीत सकाळी लवकरच काम सुरू झाले आहे. डीप फ्रीजरमधून काढलेले आइसपॅक टेबलावर ओळीने मांडले आहेत. सिस्टर त्यातला एक उचलतात, कानाजवळ नेऊन हलवतात आणि पुन्हा खाली ठेवतात. आतला बर्फ थोडा सुटून पाण्याचा आवाज येईपर्यंत हा आइसपॅक व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये, म्हणजे लसी नेण्याच्या पेटीत, जाणार नाही, कारण गरोदर मातेची टीडी (धनुर्वात आणि घटसर्पाची लस) असो की बाळाची पेंटाव्हॅलेंट (पाच आजारांवरची एकत्रित लस), या लसी एकदा गोठल्या की वाया जातात. त्यांना २ ते ८ अंश सेल्सिअस एवढीच थंडी मानवते. दुसऱ्यांदा हलवल्यावर आवाज येतो आणि चार आइसपॅक निळ्या पेटीच्या चार बाजूंना बसतात.

पेटी अंगणवाडीत पोहोचली आहे. आज येथे ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण दिवस आहे. खिडकीजवळच्या सतरंजीवर बसलेल्या या ताईंना पाचवा महिना सुरू आहे. टीडीचा पहिला डोस नोंदणीच्या वेळीच झाला होता आणि चार आठवडे उलटल्यामुळे आज दुसरा डोस द्यायचा आहे. ही सुई आईसाठी आहे असे बहुतेकांना वाटते, पण आईच्या शरीरात तयार होणारी प्रतिपिंडे वारेतून गर्भापर्यंत जातात आणि जन्मानंतरच्या पहिल्या नाजूक आठवड्यांत बाळाचे धनुर्वातापासून रक्षण करतात. माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. त्यात सुरक्षित बाळंतपणाइतकाच दंडावरच्या या सुईचाही वाटा आहे.

सिस्टर सुई लगेच टोचत नाहीत. त्या टीडीची व्हायल, म्हणजे लसीची कुपी, ताईंच्या हातात देतात आणि लेबलवरचे लहानसे वर्तुळ दाखवतात. वर्तुळातला चौकोन बाहेरच्या रंगापेक्षा फिकट आहे, म्हणजे लसीला उष्णता बाधलेली नाही. दोन्ही रंग एकसारखे झाले असते, तर ही व्हायल बाजूला काढावी लागली असती. आता ताई स्वतः ती उजेडात धरून पाहत आहेत. आमच्या मते, आज आम्ही टिपलेला सर्वांत मोलाचा क्षण हाच आहे. बाळाच्या लसीवरचा विश्वास बाळ कुशीत आल्यावर, रडण्याच्या आणि जागरणाच्या गडबडीत निर्माण करता येत नाही. त्यासाठी गरोदरपणाचे हे निवांत महिनेच वापरले पाहिजेत, असे आम्हाला मनापासून वाटते.

सोबत सासूबाईही आल्या आहेत, आणि सिस्टर मुद्दाम त्यांच्याकडे वळून बोलत आहेत. जन्मल्याबरोबर क्षयरोगाविरुद्धची बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि २४ तासांच्या आत हिपॅटायटिस बी दिली जाते. त्यानंतरची भेट दीड महिन्याची. आपल्याकडे बाळंतीण सव्वा महिना घराबाहेर पडत नाही. ती रीत पाळूनही दीड महिन्याचा डोस वेळेवर घेता येतो, हे ऐकल्यावर सासूबाईंनी मान डोलावली आहे. पेंटाव्हॅलेंटनंतर एखाद-दोन दिवस ताप येईल, मांडीवर थोडी सूज दिसेल, बाळ किरकिर करेल. त्या जागेवर चोळायचे नाही, शेक द्यायचा नाही आणि तापाचे औषध सिस्टरांनी सांगितलेल्या प्रमाणातच पाजायचे. आधी ठाऊक असलेल्या तापाने घर घाबरत नाही, आणि पुढचा अडीच महिन्यांचा डोसही चुकत नाही.

सासूबाईंच्या पिढीने पोलिओने पाय गेलेली मुले पाहिली आहेत. देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला. त्यामुळे आज आई होणाऱ्या अनेक मुलींना त्या आजाराचे केवळ नाव माहीत आहे. गोवर मात्र गेलेला नाही. २०२२ मध्ये मुंबईच्या गोवंडीत त्याची साथ पसरली आणि लहान मुले दगावली. त्या साथीतल्या अनेक मुलांना गोवराची लस मिळालेली नव्हती.

डोस झाला आहे. अर्धा तास इथेच थांबायचे आहे, म्हणून आशाताई पाणी आणून देतात आणि माता व बाल संरक्षण कार्डावर आजची तारीख दाखवतात. पहिलटकरीण असल्यामुळे ताई बाळंतपणासाठी माहेरी जाणार आहेत. बाळंतविड्याच्या पिशवीत हे कार्ड सर्वांत आधी ठेवायचे, असे त्यांना बजावण्यात आले आहे, कारण ते दाखवले की माहेरच्या अंगणवाडीतही बाळाला सर्व लसी मोफत मिळतात. सिस्टरांनी नोंदवहीत माहेरच्या गावाचे नाव लिहून घेतले आहे. तिथल्या आशाताईंना त्या आज दुपारीच फोन करणार आहेत.