कव्हर का वळतं?

नमस्कार श्रोतेहो. दिवाळी अंकांची मुखपृष्ठं लॅमिनेशनला, म्हणजे वर प्लॅस्टिकची पातळ फिल्म चिकटवायला, जातात ती बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबरात, हवेत पावसाची ओल असतानाच. मग अंक हातात पडल्यावर दोन दिवसांत मुखपृष्ठ वर उचलतं आणि काही केल्या सपाट राहत नाही. खापर फुटतं फिल्मवर. छोट्या प्रेसमध्ये, फिनिशिंगच्या गाळ्यात रोल लॅमिनेशनचं मशीन चालवणाऱ्यांशी आज याबद्दल बोलायचं आहे.

आधी हे पाहा, की कव्हर वळलं कधी? ताव मशीनमधून निघता निघताच गुंडाळी होत असेल, तर फिल्म जास्त ताणली गेली आहे. ताणलेली फिल्म चिकटल्यावर आखडते आणि कागदाला आपल्याकडे ओढते. अशा वेळी फिल्मच्या रोलचा ब्रेक सैल करा, पण थोडा थोडा, आणि दर वेळी एक ताव काढून बघा. चुण्या पडणार नाहीत इतका ताण पुरतो.

ताव सपाट निघाला आणि दुसऱ्या दिवशी वळला, तर मात्र ब्रेकला हात लावू नका. तिथे कारण ओलीचं आहे. तापलेल्या रोलरखालून जाताना कागद कोरडा पडतो आणि नंतर हवेतली ओल पुन्हा शोषून घेतो. नेहमीच्या बीओपीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन प्लॅस्टिकच्या, फिल्ममधून ओल जवळजवळ जातच नाही. त्यामुळे कागदाची उघडी बाजू फुगते, फिल्मची बाजू आहे तेवढीच राहते, आणि कव्हर फिल्मकडे वळतं. म्हणून पावसाळ्यात छापील ताव उघडे ठेवू नयेत. लॅमिनेशन झालेली थप्पीही गार झाली की प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, वर वजन ठेवून बांधणीला पाठवावी. कागदाचा ग्रेन, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, पुस्तकाच्या पाठीला समांतर घेतला तर वळण पुष्कळ कमी होतं, पण हे छपाईच्या आधी ठरायला हवं. लॅमिनेशनवाल्याच्या हातात तेव्हा काही उरलेलं नसतं. वर्षानुवर्षं वापरात राहणाऱ्या पुस्तकाला नायलॉनची फिल्म लावता येते. ती ओल आरपार जाऊ देते. महाग पडते, तरी अशा पुस्तकासाठी तो खर्च मला योग्य वाटतो.

आता उष्णता. थर्मल फिल्मच्या आतल्या बाजूला गोंदाचा थर असतो आणि तो साधारण 90 ते 110 अंश सेल्सिअसला नीट वितळून बसतो. नेमका आकडा फिल्म बनवणाऱ्याकडून घ्यावा. डिस्प्लेवर आकडा आला म्हणून लगेच काम सुरू करू नका, रोलर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखा तापायला आणखी काही मिनिटं द्या. 300 जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम भरणारं, जाड आर्ट कार्ड भराभर सोडलं की ते रोलरची उष्णता ओढून घेतं. सकाळचे ताव सुरेख आणि तासाभरानं गडद रंगावर चंदेरी झाक, असं झालं तर मशीनचा वेग कमी करा. तापमान वाढवत नेलं तर फिल्मवर लाटा येतात, कागदातल्या ओलीचे फोड उठतात.

चंदेरी झाक म्हणजे फिल्म आणि शाईच्या मध्ये अडकलेली हवा. उष्णता किंवा दाब कमी पडला तर ती येते, आणि ऑफसेटच्या तावांवर, ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मारलेला पावडरचा फवारा जास्त झाला असला तरीही येते. पावडर मऊ ब्रशनं झटकून घ्यावी. शाईला निदान एक दिवस वाळू द्यावं, गडद छपाई असेल तर त्याहून जास्त. प्रकाशक घाई करतील, तरी ओल्या शाईवर फिल्म लावायला सरळ नाही म्हणा. आज बरी दिसलेली फिल्म घडीपाशी सुटते, आणि तोवर कव्हरं कापून झालेली असतात. काही डिजिटल प्रिंटच्या टोनरवर तेलाचा अंश राहतो. त्यासाठी जास्त चिकट फिल्म वेगळी मिळते, ती आधीच मागवून ठेवा.

पकड तपासायची ती ताव पूर्ण गार झाल्यावर. गडद भागावर ब्लेडनं फुली मारा, सेलोटेप घट्ट लावून ओढा आणि घडीही घालून पाहा. फिल्म उचललीच आणि तिच्याबरोबर कागदाचे तंतू आले, तर चिकटण बरोबर आहे.

फिल्मची रुंदी तावापेक्षा किंचित कमी ठेवा, नाहीतर बाहेर राहिलेला गोंद खालच्या रोलरला लागतो आणि पुढच्या प्रत्येक तावावर डाग उमटतो. असा गोंद मशीन बंद करून, रोलर कोमट असताना सुती कापडानं चोळून काढावा. रबरावर ब्लेड कधीही चालवू नका. एक चर पडली की ती प्रत्येक कव्हरवर दिसते आणि रोलर बदलावा लागतो. काम थांबलं की दाब सोडून रोलर वेगळे करा; गरम रबर एका जागी दाबलेलं राहिलं तर चपटं होतं. मशीन चालू असताना ओढणी, बांगड्या, सैल बाह्या, गळ्यातलं ओळखपत्र रोलरपासून लांब ठेवा, आणि मशीन झटकन थांबवणारं लाल बटण कुठे आहे हे गाळ्यातल्या प्रत्येकाला, नव्या मुलालासुद्धा, पहिल्याच दिवशी दाबून दाखवा.

नमस्कार.