दुकानासमोरची गाडी कोणाची?

श्रोतेहो, नमस्कार. ठाण्यातील गोखले रोड किंवा राम मारुती रोड मोटारींसाठी बंद करावा, असा विषय निघाला की व्यापाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : मग गिऱ्हाईक येणार कसे? कोपनहेगनमधील स्ट्रॉयेट हा बाजाररस्ता १९६२ साली वाहनांना बंद झाला, तेव्हा तिथल्या दुकानदारांनाही हीच धास्ती होती. आज तो त्या शहराचा मुख्य बाजार आहे.

नौपाड्यात माझ्या परिचयाचे भांड्यांचे एक व्यापारी आहेत. शनिवारी संध्याकाळी कुकरची रिंग घ्यायला मी त्यांच्याकडे गेलो असता हाच विषय निघाला. "साहेब, रस्ता बंद झाला तर दुकानाला कुलूप लावायचे. गाडीतून उतरणारे गिऱ्हाईकच मोठी खरेदी करते," असे त्यांनी ठामपणे सांगितले. दारासमोर उभी असलेली पांढरी गाडी कोणत्या गिऱ्हाइकाची, असे मी सहज विचारले. शेठजी काही बोलण्याआधीच, पातेले पुसत असलेला कामावरचा मुलगा म्हणाला, "ती आपल्या शेठजींचीच." आणि तिच्या पुढची? "शेजारच्या कापडवाल्या काकांची. सकाळी लागते, ती शटर पडल्यावरच निघते." तेवढ्यात एका बाईंनी पितळी समईची जोडी पसंत केली, वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घातली आणि त्या स्टेशनच्या दिशेने चालत निघाल्या. शेठजींनी पैसे गल्ल्यात टाकले आणि क्षणभर थांबून म्हणाले, "ते ठीक आहे, पण माझा मालाचा टेम्पो?"

हा प्रश्न मात्र रास्त आहे. गिऱ्हाइकाची गाडी वेगळी आणि मालाची गाडी वेगळी. पुन्हा सांगतो, मालाची गाडी वेगळी. दिल्लीच्या चांदणी चौकात सकाळी ९ ते रात्री ९ मोटारवाहनांना मज्जाव केला आहे, म्हणजे मालाची चढउतार त्या वेळेबाहेर करावी लागते. पुण्यात ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रोडवर पादचारी दिन झाला. पण एका दिवसाच्या उत्सवात टेम्पोचा प्रश्न कसाला लागत नाही. शिवाय चालायला लावायचे तर चालण्याजोगे काही हवे. उखडलेल्या पेव्हर ब्लॉकला पदपथ म्हणणे ही माझ्या मते नागरिकांची थट्टा आहे.

तेव्हा महापालिकेने आधी मालाच्या टेम्पोची वेळ आणि दुकानमालकांच्या गाड्यांची जागा ठरवावी. गिऱ्हाइकांच्या गाड्यांची चर्चा त्यानंतर करावी.