चालणारा पंप खोलायच्या आधी

पुढं डिप्लोमाची पोरं बसलीत आणि मागं कुपवाड-मिरज एमआयडीसीतले वर्कशॉपवाले, त्यामुळं दोघांच्याही कामाला येईल असा एकच विषय धरतो, चालणारं मशीन कधी खोलायचं आणि कधी नाही. मी पहिल्यापासून मेंटेनन्सचा माणूस, त्यातली बरीच वर्षं साखर कारखान्यात गेली, आणि सांगलीत कारखाना म्हणजे काय हे कुणाला सांगायला नको, तुमच्यातल्या निम्म्यांच्या घरचा ऊस कुठल्या ना कुठल्या गव्हाणीत पडतोच.

कारखान्याचं कसं असतं, दिवाळीच्या आगंमागं मोळी टाकून हंगाम सुरू करायचा, ऊस संपला की पट्टा पडतो, म्हणजे हंगाम बंद, आणि मग पुढच्या हंगामापर्यंत ओव्हरहॉलिंग. मिल खोला, पंप खोला, गिअरबॉक्स खोला, बेअरिंग बदला, सगळं नव्यासारखं करून ठेवा. आणि एवढं सगळं करून ब्रेकडाऊन जास्त कधी, तर हंगामाच्या पहिल्या आठ-दहा दिवसांत! हे मी दरवर्षी बघायचो आणि सुरुवातीला मला वाटायचं की मशीन सहा महिने बंद होतं, आता अंग मोकळं करतंय.

एका हंगामात एका कारखान्यात, नाव नको, इंजेक्शन पंपाचं बेअरिंग तिसऱ्या दिवशी गेलं. हा पंप कंडेन्सरला पाणी देतो, तो थांबला की पॅनचा, म्हणजे रस आटवून साखर करायच्या भांड्याचा, व्हॅक्युम पडतो, पॅन थांबले की रस पुढं सरकत नाही, म्हणजे शेवटी मिल उभी. बाहेर यार्डात ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग, तोडलेला ऊस उन्हात, आणि ऊस तोडला की त्यातली साखर तासातासाला कमी होत जाते, ते नुकसान कुणीही भरून देत नाही. बेअरिंग नवं, कंपनी चांगली, मग गेलं कशानं? कापून बघितलं तर रेसवर, म्हणजे गोळ्या फिरतात त्या खाचेवर, गोळ्यांच्या अंतरानं बारीक बारीक खड्डे. म्हणजे शाफ्टवर बसवताना हातोडा बाहेरच्या रिंगवर मारला होता. शाफ्टवर घट्ट बसतं ते आतली रिंग, मारायचंच असलं तर पाइपचा तुकडा लावून तिच्यावरच, बाहेरच्या रिंगवर मारलं की सगळा धक्का गोळ्यांतून जातो. खरं तर हातोडाच नको, हीटरवर साधारण ११० डिग्रीपर्यंत गरम केलं की बेअरिंग हातानं सरकतं, १२५ च्या वर मात्र न्यायचं नाही. आणि मला आजही लागून राहिलेली गोष्ट म्हणजे काढलेलं जुनं बेअरिंग पूर्ण चांगलं होतं, फक्त यादीत 'दरवर्षी बदलणे' असं लिहिलेलं म्हणून आम्ही ते काढलं होतं.

हे फक्त आपल्याकडंच होतं असं नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या कोस्टल कमांडच्या, म्हणजे समुद्रावर गस्त घालणाऱ्या हवाई दलाच्या, लिबरेटर विमानांची दर ५० तासांनी तपासणी व्हायची. वॉडिंग्टन नावाचा माणूस, मूळचा जीवशास्त्रज्ञ, त्यानं आणि त्याच्या लोकांनी बिघाडांचा आलेख काढला तर तपासणी झाल्या झाल्या बिघाड वाढलेले, मग हळूहळू कमी होत जायचे, की पुढची तपासणी! पुढं १९७८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप या दोघांनी विमानाच्या भागांचा मोठा अभ्यास मांडला, त्यात वय झालं म्हणून बिघडण्याचं प्रमाण वाढतं असे भाग फक्त ११ टक्के निघाले, आणि ६८ टक्के भागांत सुरुवातीलाच बिघाड जास्त, नंतर सपाट. ते आकडे विमानाचे आहेत, तसेच्या तसे मिलला लावू नका, पण दर वर्षाला बदल म्हणजे बिघाड टळला हा हिशोब तिथंच मोडला.

आता कुणी घरी जाऊन म्हणेल की सर म्हणाले काही खोलू नका. तसं नाही. जे झिजतं ते झिजतंच, मिलच्या रोलरचे दात, चेन, पंपाचा इम्पेलर, बेल्ट, ते मापून बदलायचंच. बॉयलरची तपासणी कायद्यानं ठरलीय तिला हात लावायचा नाही. आणि स्टँडबाय पंप, सेफ्टी व्हॉल्व्ह असल्या गोष्टी बिघडल्या तरी गप्प बसतात, त्या गरज लागायच्या आधी चालवून, टेस्ट करूनच कळतात. माझं म्हणणं बाकीच्यांबद्दल आहे, खोलायच्या आधी मशीनला विचारा.

विचारायचं म्हणजे हात, कान आणि आकडा. आमच्याकडं एक फिटरमामा होते, स्क्रू ड्रायव्हरचं टोक हाऊसिंगला आणि मूठ कानाला लावून सांगायचे, अजून आठ दिवस टिकेल, आणि तसंच व्हायचं. मामा रिटायर झाले तेव्हा तो कान पण घरी गेला, कारण आम्ही काहीच लिहून ठेवलं नव्हतं. म्हणून व्हायब्रेशन आणि टेम्परेचर वहीत पाहिजे. किती दिवसांनी घ्यायचं? पहिला आवाज आल्यापासून बेअरिंग निकामी होईपर्यंत महिना मिळत असेल तर निदान पंधरा दिवसांनी बघा, नाहीतर तो महिना तुमच्या नकळत निघून जाईल. ग्रीसचं पण तसंच, हाऊसिंग गच्च भरलं की ग्रीस घुसळून गरम होतं, तिसरा हिस्सा ते निम्मं पुरे.

आणि खोललंच तर बंद करताना घाई नको. पंपाचे चारही पाय बेसवर नीट टेकलेत का बघा, पाइप जोडल्यावर पंप-मोटरची अलाइनमेंट परत तपासा, कारण फ्लँजची भोकं जुळत नाहीत म्हणून पहार लावून पाइप ओढला की तो ताण जन्मभर पंपावर राहतो.

जे स्वतः मशीन बनवतात त्यांना एक कळकळीनं सांगतो, ग्रीस निपल, म्हणजे ग्रीस भरायचं तोंड, गार्डच्या बाहेर आणा. गार्डचे सहा बोल्ट काढून कुणीही ग्रीस घालत नाही, आणि मग कस्टमर मशीनला नावं ठेवतो. बेअरिंग काढायला पुलर बसेल एवढी जागा ड्रॉइंगवरच सोडा.

मागून प्रश्न आलाय की आमच्याकडं दोनच माणसं, नोंदी कोण ठेवणार. सगळ्या मशीनच्या नका ठेवू. जे थांबलं की दुकान थांबतं असं एकच निवडा, त्याच्या दोन्ही बेअरिंगच्या हाऊसिंगवर पेंटचा ठिपका मारा, सोमवारी सकाळी लोडवर असताना त्याच ठिपक्यावर रीडिंग घ्या, आणि वही ऑफिसात ठेवू नका, मशीनशेजारीच खिळ्याला दोरीनं बांधून ठेवा, पेनासकट.