वेगाचा हिशेब

अबुधाबी, 12 डिसेंबर 2021. हंगामातली शेवटची शर्यत, शेवटची फेरी. मॅक्स व्हर्स्टापेन लुईस हॅमिल्टनला मागे टाकतो आणि जगज्जेता होतो. पण त्याच्या रेड बुल संघाचा आणखी एक निकाल बाकी असतो. तो लागणार असतो हिशेबाच्या वह्यांत.

फॉर्म्युला वनमध्ये खर्चाला मर्यादा असलेला हा पहिलाच हंगाम. 2009 मध्ये असा विचार निघाला, तेव्हा फेरारीने शर्यती सोडून जाण्याची धमकी दिली होती. दरम्यान गरीब संघ मोडत गेले. नारायण कार्तिकेयन आणि करुण चंढोक हे भारतीय चालक ज्या एचआरटीकडून धावले, तो संघ तीन हंगामही कसेबसे टिकला. मग कोरोनाने शर्यती थांबवल्या, उत्पन्न आटलं, आणि आधी साडेसतरा कोटी डॉलर ठरलेली मर्यादा साडेचौदा कोटींवर आली.

ही रक्कम मुख्यतः गाडीची रचना, बांधणी आणि सुधारणा यांसाठी. चालकांचं मानधन, सर्वाधिक पगाराचे तीन अधिकारी, जाहिरात, प्रवास हे सगळं बाहेर. चालकाचे कोट्यवधी मोजायचे नाहीत आणि कारागिराचा पगार मात्र मोजायचा, हे आम्हाला खटकतं.

ऑक्टोबर 2022 मध्ये नियामक संस्था एफआयएने रेड बुलचा निकाल जाहीर केला: मर्यादेपेक्षा 1.6 टक्के जास्त खर्च. चुकीच्या नोंदींमध्ये कर्मचाऱ्यांच्या जेवणखाणाचा खर्चही होता. करसवलत नीट दाखवली असती, तर हा आकडा 0.37 टक्क्यावर आला असता, हेही एफआयएनेच नोंदवलं.

दंड झाला 70 लाख डॉलर. एवढा पैसा रेड बुलला जड नव्हता. खरी शिक्षा वेगळी होती: वर्षभर विंड टनेल (गाडीवर वारा सोडून ती हवेला कशी कापते हे पाहायचा बोगदा) आणि संगणकावरच्या वायुगतिकी चाचण्यांत 10 टक्के कपात. मुळात जो संघ वर असतो, त्याला चाचण्या कमी मिळतात. विजेत्याच्या वाट्याला ठरलेल्या प्रमाणाच्या 70 टक्के, त्यातून दहावा भाग कापला, म्हणजे रेड बुलच्या हाती उरले 63. पैसा पुन्हा उभा करता येतो, विंड टनेलमधले गेलेले तास परत मिळत नाहीत.

तरीही 2023 मध्ये रेड बुलने 22 पैकी 21 शर्यती जिंकल्या. तयार गाडीची आघाडी एका वर्षात पुसली जात नाही. पण 2024 मध्ये संघांचं विजेतेपद गेलं मॅक्लॅरेनकडे, तब्बल 26 वर्षांनी. त्याच मॅक्लॅरेनने 2023 ची सुरुवात अगदी तळाशी केली होती.