दुधाच्या दातांची कीड आणि सेरेब्रल पाल्सी

श्रोतेहो, नमस्कार. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे वाढत्या मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर पुरता ताबा नसणे, ही अवस्था असलेल्या दोन-तीन वर्षांच्या मुलाचे दात किडलेले दिसले की घरात पहिला ठपका आईवर येतो, आणि तो बहुधा अन्यायाचा असतो. या मुलाच्या जिभेचे आणि गालांचे स्नायू त्याच्या ताब्यात पुरते नसतात. त्यामुळे घास गिळायला वेळ लागतो आणि गिळल्यानंतरही दुधात भिजवलेले बिस्कीट किंवा गूळ घातलेले नाचणीचे सत्त्व गालाच्या कडेला बराच वेळ चिकटून राहते. आपण दातांवरून सहज जीभ फिरवतो, तेवढेही त्याला साधत नाही. त्या साखरेपासून जंतू आम्ल तयार करतात आणि दाताचे कठीण आवरण विरघळू लागते. लाळ गळते म्हणजे ती जास्त सुटते, असा समज आहे. खरे तर बहुतेकदा ती वेळेवर गिळली जात नाही.

औषधाकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष जात नाही. यातल्या अनेक मुलांना झटके येतात, त्यावरची पातळ औषधे पुष्कळदा गोड असतात आणि रात्रीचा डोस निजतानाच दिला जातो. झोपेत लाळ कमी होत असल्याने तो गोडवा रात्रभर दातांवर राहतो. औषध स्वतःहून थांबवू नये, पण बिनसाखरेचे मिळेल का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे. डोसानंतर स्वच्छ ओल्या फडक्याने दात आणि गालांची आतली बाजू पुसावी. चूळ भरायला लावू नये, कारण पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते.

दात घासताना मुलाचे डोके आपल्या मांडीवर टेकवून मागच्या बाजूने घासणे सोपे जाते. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट पुरे. दात दुखतो हे ज्याला सांगता येत नाही, ते मूल जेवण नाकारते, गालावर हात मारून घेते, रात्री जागते, आणि आपण त्याला हट्ट म्हणतो.

कीड वरवरची असेल, तर दंतवैद्य सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचे द्रव लावून ती बहुधा थोपवू शकतात. त्यासाठी ड्रिल किंवा भूल लागत नाही. किडलेला भाग त्याने कायमचा काळा पडतो, म्हणून पालक कचरतात. समोरचे दुधाचे दात सहा-सात वर्षांच्या सुमारास पडतात, त्यांच्याबरोबर तो डागही जातो.