चोवीस आकडे, चार रोपं

(दृश्य: काळ्या पडद्यावर आकडे एकेक करून उमटतात.)

३.२८ आणि ३.०९. सलगमच्या एका पानातून काढलेले हे दोन नमुने, प्रत्येकी १०० मिलिग्रॅमचे, आणि त्यांत सापडलेलं कॅल्शियमचं प्रमाण. त्याच रोपाचं दुसरं पान: ३.५२, ३.४८. तिसरं पान: २.८८, २.८०. पुढचं रोप घेतलं की आकडे एकदम खाली येतात: २.४६, २.४४, मग १.८७, १.९२.

अशी एकूण चार रोपं, यादृच्छिक पद्धतीनं निवडलेली. प्रत्येक रोपाची तीन पानं, तीही तशीच निवडलेली. प्रत्येक पानाच्या दोन चाचण्या. चार त्रिक बारा, बारा दुणे चोवीस.

हा तक्ता स्नेडेकॉर आणि कॉक्रन यांच्या १९६७ सालच्या पाठ्यपुस्तकात आहे. जॉर्ज स्नेडेकॉर अमेरिकेत आयोवा राज्यातल्या एम्स गावी शिकवत. तिथे १९३३ साली त्यांच्या पुढाकारानं सांख्यिकीची प्रयोगशाळा उभी राहिली आणि शेतीचे संशोधक आपापल्या वह्या घेऊन तिथे येऊ लागले. सलगमचा हा तक्ता पुढे सॅस या सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकेतही गेला. चोवीसच आकडे असल्यामुळे कागद-पेन्सिल घेऊन प्रत्येक पायरी तपासता येते. म्हणून नेस्टेड रचना शिकायला बसलेल्या प्रत्येकानं आधी हाच तक्ता हातात घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.

(दृश्य: रोपाचं रेखाचित्र. रोपातून तीन पानं, प्रत्येक पानातून दोन परीक्षानळ्या.)

नेस्टेड म्हणजे एकाच्या पोटात दुसरं. चाचणी पानाच्या पोटात, पान रोपाच्या पोटात. पहिल्या रोपाचं दुसरं पान फक्त पहिल्या रोपाचंच असतं. तिसऱ्या रोपाच्या दुसऱ्या पानाशी त्याचं काही नातं नाही.

आता प्रश्न असा, की आपल्याकडे निरीक्षणं किती? चोवीस, की चार?

चोवीस म्हणून बघू. सगळ्यांची सरासरी ३.०१. चोवीस स्वतंत्र निरीक्षणं धरली तर स्टँडर्ड एरर, म्हणजे सरासरीत साधारण किती चूक असू शकते याचं माप, येते ०.१३६, आणि ९५ टक्के खात्रीचा पट्टा २.७३ ते ३.२९. बघायला छान, अहवालात शोभेल असा.

पण एकाच पानाचे दोन नमुने एकमेकांसारखेच येणार. एकाच रोपाची तीन पानं एकाच मुळांवर, एकाच मातीवर वाढलेली. ही निरीक्षणं चोवीस वेगळ्या साक्षीदारांसारखी बोलत नाहीत. रचना पाळून हिशेब केला तर स्टँडर्ड एरर ०.३२४ होते. शिवाय पट्टा काढताना डिग्रीज ऑफ फ्रीडम, म्हणजे हिशेबाला उरणारे स्वतंत्र फरक, रोपांवरून ठरतात: चार वजा एक, तीनच. मग पट्टा होतो १.९८ ते ४.०४. पहिल्या पट्ट्याच्या साडेतीनपटीहून अधिक रुंद. आकडे तेच, सरासरी तीच, आणि सलगमच्या पाल्यात कॅल्शियम किती याबद्दल आपल्याला असलेली खात्री मात्र कुठल्या कुठे गेली.

(दृश्य: संगणकाचा पडदा. चार रकान्यांचा तक्ता: रोप, पान, चाचणी, कॅल्शियम.)

सॉफ्टवेअरला यातलं काहीच दिसत नाही. त्याला चार रकाने आणि चोवीस ओळी दिसतात. रोपाच्या रकान्यात १ ते ४, पानाच्या रकान्यात १ ते ३, आणि पुन्हा १ ते ३. इथेच पहिला खड्डा आहे. प्रत्येक रोपाची पानं १, २, ३ अशीच मोजलेली असल्यामुळे संगणक समजतो, की ‘पान क्रमांक २’ ही चारही रोपांत असलेली एकच गोष्ट आहे. वरून दुसरं पान, असं काहीतरी. तुम्ही मेनूतून रोप आणि पान हे दोन घटक निवडलेत, त्यांची आंतरक्रिया (एकाचा परिणाम दुसऱ्यानुसार बदलणं) घेतलीत आणि बटण दाबलंत, की अ‍ॅनोव्हाचा, म्हणजे आकड्यांतला फरक कुठून किती आला याचा, तक्ता समोर येतो. पानाच्या ओळीत एफ, म्हणजे फरक त्रुटीच्या किती पट ते सांगणारा आकडा, ९१. पी-व्हॅल्यू, म्हणजे नुसत्या योगायोगानं इतका फरक दिसण्याची शक्यता, जवळजवळ शून्य. म्हणजे क्रमांक २ च्या पानांत कॅल्शियम जास्त, क्रमांक ३ च्या पानांत कमी, आणि पुरावा भक्कम!

हे क्रमांक तर आपणच दिलेले. रोपांमधली पानं वेगळ्या क्रमानं लिहिली असती तर हा ‘शोध’ बदलला असता. सॉफ्टवेअरनं गणित चोख केलं, पण विचारलेला प्रश्नच निरर्थक होता. कुठलीही लाल सूचना आली नाही, आणि येणारही नाही.

उपाय अगदी साधा आहे. पानाला पूर्ण नाव द्यायचं: रोप१-पान१, रोप१-पान२, असं रोप४-पान३ पर्यंत. बारा पानं, बारा नावं. मग कोणी सूत्र लिहिताना चुकला, तरी निदान वेगवेगळ्या रोपांची पानं एकमेकांत मिसळत नाहीत. डेटा भरणाऱ्या प्रत्येक सहायकाला पहिल्या दिवशी हेच शिकवावं.

(दृश्य: पडद्यावर सूत्र टाइप होतं: कॅल्शियम ~ १ + (१ | रोप/पान))

दुसरा मार्ग म्हणजे ही तिरकी रेष. आर या सॉफ्टवेअरमध्ये रोप, तिरकी रेष, पान असं लिहिलं की अर्थ होतो: रोप, आणि रोपाच्या आतलं पान. सॅसमध्ये हेच पान लिहून पुढे कंसात रोप असं मांडतात.

या तिरक्या रेषेमागे शेतीच आहे. इंग्लंडमध्ये रोथमस्टेड हे जुनं शेती संशोधन केंद्र. १९१९ साली तिथे रोनाल्ड फिशर रुजू झाले आणि प्रचरणाचं (आकड्यांच्या विखुरण्याचं) विश्लेषण, म्हणजे अ‍ॅनोव्हा, तिथल्या शेतांच्या आकड्यांवर घडलं. पुढे जॉन नेल्डर यांच्या काळात तिथे जेनस्टॅट हे सॉफ्टवेअर तयार होऊ लागलं. १९७३ साली विल्किन्सन आणि रॉजर्स यांनी प्रयोगाची रचना चिन्हांत लिहायची पद्धत प्रसिद्ध केली, त्यात ही नेस्टिंगची रेष आहे. न्यूझीलंडमध्ये ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९०च्या दशकात आर लिहिलं, तेव्हा तीच चिन्हांची भाषा त्यात आली. आज एखादी विद्यार्थिनी लॅपटॉपवर ती रेष मारते, तेव्हा शेतातल्या वाफ्यांचा हिशेब ठेवायला घडवलेलं चिन्ह ती वापरत असते.

(दृश्य: निकालाचा तक्ता, तीन ओळी.)

एन्टर दाबलं, की निकालात तीन थर दिसतात. रोपा-रोपांतलं प्रचरण ०.३६५. एकाच रोपाच्या पाना-पानांतलं ०.१६१. एकाच पानाच्या दोन चाचण्यांतलं ०.००६७. टक्केवारीत बघा: ६८.५, ३०.२ आणि १.२५.

इथे जरा थांबू या, कारण नेस्टेड विश्लेषणाचा खरा फायदा या तीन ओळींत आहे. अनेक जण पी-व्हॅल्यू बघतात आणि पुढे जातात. रोपांसाठी एफ ७.६७, पी ०.०१ च्या जरासा खाली. हा एफ काढताना भागाकार चाचणीच्या त्रुटीनं नव्हे, पानांच्या प्रचरणानं करायचा असतो. चाचणीच्या त्रुटीनं भागलं असतं तर ३७९ आला असता. हे महत्त्वाचं आहेच. पण पुढच्या हंगामात पैसा आणि वेळ कुठे घालायचा, ते या तीन ओळी सांगतात.

समजा प्रयोगशाळेनं ठरवलं, की अचूकता वाढवू, प्रत्येक पानाच्या दोनऐवजी वीस चाचण्या करू. २४ चाचण्यांच्या जागी २४०. दहापट रसायनं, दहापट मेहनत. स्टँडर्ड एरर किती कमी होईल? ०.३२४० वरून ०.३२३७.

आता चाचण्या चोवीसच ठेवा, पण बारा रोपं घ्या, प्रत्येकाची दोन पानं, प्रत्येक पानाची एकच चाचणी. अंदाजानं स्टँडर्ड एरर ०.१९ च्या आसपास येते. चोवीस रोपं, प्रत्येकी एक पान, एक चाचणी: ०.१५. प्रयोगशाळेतला खर्च एका रुपयानंही वाढलेला नाही. फक्त शेतात जास्त फिरावं लागलं. रोपांवरचे हे अंदाज चारच रोपांतून आलेले, त्यामुळे ते स्वतःही डळमळीत आहेत. तरी दहापट चाचण्यांनी काही हाती लागणार नाही, एवढं सांगायला ते पुरेसे आहेत.

(दृश्य: ओटचं शेत. वरून आखलेले सहा पट्टे, प्रत्येकात तीन मोठे तुकडे.)

कधी कधी मात्र थर विसरला तर निष्कर्षच उलटतो. फ्रँक येट्स यांनी १९३५ साली मांडलेला ओटचा प्रयोग आरबरोबरच मिळतो, वेगळा शोधावा लागत नाही. सहा ब्लॉक. प्रत्येक ब्लॉकमध्ये तीन मोठे प्लॉट, त्यांत तीन वाण: व्हिक्टरी, गोल्डन रेन आणि मार्व्हलस. प्रत्येक मोठ्या प्लॉटचे चार छोटे भाग, त्यांत नत्राच्या चार मात्रा. एकूण ७२ छोटे भाग. कृषी महाविद्यालयात याला स्प्लिट प्लॉट म्हणतात.

नत्राची मात्रा ७२ भागांत बदलते, पण वाण फक्त १८ मोठ्या प्लॉटमध्ये बदलतो. मोठ्या प्लॉटचा थर सूत्रात न लिहिता फक्त ब्लॉक, वाण, नत्र आणि वाण-नत्राची आंतरक्रिया घेतली, तर वाणांसाठी एफ ३.५१ आणि पी ०.०३७ येतो. वाणांत फरक आहे, असं छापून मोकळं व्हावं. थर लिहिला, की एफ १.४९ आणि पी ०.२७. वाणांत फरक असल्याचा पुरावा या प्रयोगात नाही. नत्राचा परिणाम दोन्हीकडे ठळकच राहतो. एका चुकीच्या सूत्रावर कुठलं बियाणं शिफारशीत जाईल, हे ठरू शकतं; म्हणून ही बाब फक्त सांख्यिकीवाल्यांची नाही.

अशी चूक किती सर्रास होते, ते स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ साली दाखवलं. पर्यावरणशास्त्रातले १७६ प्रयोग त्यांनी तपासले. ज्यांत सांख्यिकी चाचण्या वापरल्या होत्या, त्यांतल्या ४८ टक्के प्रयोगांत एकाच एककाची अनेक मोजमापं खरी पुनरावृत्ती म्हणून मोजली होती.

प्रत्यक्षात डेटा इतका नीटनेटका नसतो. एखादं पान वाळतं, एखादा नमुना सांडतो. थरांचे आकडे सारखे राहिले नाहीत, की हातानं करायची अ‍ॅनोव्हा लंगडते. तिथे प्रत्येक थराच्या प्रचरणाचा अंदाज काढणारी आर-ई-एम-एल ही पद्धत कामी येते. १९७१ साली पॅटरसन आणि थॉम्पसन यांनी ती मांडली. आरमधलं एलएमई-फोर पॅकेज हीच वापरतं. ते पी-व्हॅल्यू दाखवत नाही, म्हणून नवखे गोंधळतात. पॅकेजच्या लेखकांपैकी डग्लस बेट्स यांनी ती मुद्दाम ठेवली नाही, कारण असमान डेटात डिग्रीज ऑफ फ्रीडम किती धरायचे याचं निर्विवाद उत्तर नाही. हवी असेल तर एलएमईआर-टेस्ट हे पॅकेज अंदाजे उत्तर देतं. मला बेट्स यांचा संयम आवडतो.

(दृश्य: ज्वारीचं शेत. टेप, खुंट्या, दोरी.)

आपल्याकडे ही रचना गावोगावी राबते. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे आणि इंदूरला कापसावर काम केलेले वि. गो. पानसे यांनी १९४०च्या दशकात पीक कापणी प्रयोग यादृच्छिक निवडीच्या पायावर उभे केले. तालुक्यातून गावं, गावातून शेतं, शेतातून मोजून आखलेला एक तुकडा. कृषी संशोधकांसाठी या दोघांनी लिहिलेलं सांख्यिकीचं पुस्तक १९५४ साली आलं आणि पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलं. तुकडा फार लहान घेतला तर उत्पादन जास्त दिसतं, हे सुखात्मे यांनी १९४६ साली दाखवलं. कडेवरची ताटं आत धरली जातात, आणि तुकडा जितका लहान तितकी कड मोठी. ही चूक कुठलंही सूत्र दुरुस्त करत नाही. ती दोरी ताणतानाच टाळावी लागते.

पीक विम्याची भरपाई ठरवताना अशाच प्रयोगांतून निघालेलं सरासरी उत्पादन वापरलं जात आलं आहे. म्हणून हा डेटा हाताळणाऱ्यांनी गाव आणि शेत हे रकाने शेवटपर्यंत वेगळे ठेवावेत, महसूल मंडळाची एकच सरासरी काढून मूळ ओळी पुसू नयेत. आणि एक गोष्ट सूत्र लिहिताना लक्षात ठेवावी. प्रत्येक शेतात एकच तुकडा कापला असेल, तर शेताचं प्रचरण आणि तुकड्याची त्रुटी एकमेकांपासून सोडवता येत नाही. सूत्रात मंडळ, गाव आणि शेत असे तिन्ही थर लिहिले, तर एलएमई-फोर तिथेच थांबतं आणि सांगतं, की गट निरीक्षणांइतकेच आहेत. तिथे सूत्र मंडळ, तिरकी रेष, गाव एवढंच लिहायचं. शेत आणि तुकडा दोन्ही मिळून शेवटच्या ओळीत, उरलेल्या प्रचरणात, आपोआप येतात.