सोन्याची जावा

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या घरी एक जावा होती. वडिलांची. मरून रंगाची, टाकीला दोन्ही बाजूंनी क्रोमचे चकचकीत पत्रे. गिअरचा दांडाच आत दाबून उभा केला की त्याची किक व्हायची, आणि नवख्या माणसाला ते कळेपर्यंत तो किक शोधत गाडीभोवती फिरायचा. रविवारी सकाळी वडील ओट्यावर वर्तमानपत्र पसरायचे, प्लग काढायचे आणि पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासत बसायचे. मला वाटायचं, जावा म्हणजे मैसूरची. ती मुळात चेकोस्लोव्हाकियाची, मैसूरला तिचा कारखाना साठच्या दशकाच्या सुरुवातीला निघाला, हे फार उशिरा समजलं. आणि त्याहून उशिरा समजलं की याच नावाची आणखी एक गाडी होती, जिला गिअर बदलायची सोय नव्हती आणि ब्रेक तर नव्हतेच. तसली गाडी चालवून सहा वेळा जगज्जेता झालेल्या माणसाबद्दल आज तुमच्याशी बोलायचं आहे.

त्याचं नाव आयव्हन मेजर. न्यूझीलंडचा. इंग्रजीतलं स्पेलिंग पाहिलं तर आपण माउगर असं काहीतरी म्हणू, पण उच्चार मेजर.

आधी खेळ कसा ते सांगतो, कारण आपल्याकडे स्पीडवे फारसा कुणी पाहिलेला नाही. अंडाकृती मैदान घ्या. त्यावर मुरुमासारख्या बारीक दगडाचा थर. चार स्वार एका ओळीत उभे. समोर आडव्या ताणलेल्या फिती. फिती वर उडाल्या की क्लच सोडायचा, आणि चार फेऱ्या मारायच्या. सगळी वळणं डावीकडची. एक मिनिट, फार तर सव्वा मिनिट, की शर्यत संपली. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याला काही नाही. गाडी ५०० सीसीची, एका सिलिंडरची, पेट्रोलऐवजी मिथेनॉलवर चालणारी. इंजिनात पूर्वी एरंडेलापासून केलेलं तेल घालत. म्हणजे आपल्या आज्ज्या पोट साफ व्हायला चमचाभर पाजायच्या तेच एरंडेल. ते जळताना येणारा वास जुन्या प्रेक्षकांच्या नाकातून आयुष्यभर जात नाही, असं म्हणतात.

आता वळणाचं. ब्रेक नाही, मग वेग कमी कसा करायचा? कमी करायचाच नाही. वळण आलं की गाडी आडवी टाकायची, मागचं चाक बाहेरच्या अंगाला घसरू द्यायचं, आणि वळण डावीकडे असताना हँडल उजवीकडे धरायचं. डाव्या बुटाच्या तळाला पोलादी पट्टी बांधलेली असते. तो पाय जमिनीवरून सरपटत न्यायचा. अॅक्सिलेटर जरा कमी-जास्त झाला की माणूस कुंपणावर. सरळ पट्ट्यावर हे लोक ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे जातात, आणि शेजारचा स्वार हातभर अंतरावर असतो.

मेजरचा जन्म ४ ऑक्टोबर १९३९ चा, क्राइस्टचर्च या गावातला. या गावाचं मला फार नवल वाटतं. लोकसंख्येने आपल्या एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणाएवढं ते गाव, तेही जगाच्या दक्षिण टोकाला. तिथून रॉनी मूर निघाला, दोनदा जगज्जेता. बॅरी ब्रिग्ज निघाला, चारदा. आणि मेजर, सहादा. एका गावाची बारा विश्वविजेतेपदं! आपल्याकडे कुस्तीसाठी जशी कोल्हापूरची माती, तशी या खेळासाठी ती माती असावी.

मूर आणि ब्रिग्जच्या पावलावर पाऊल ठेवून आयव्हनही इंग्लंडला निघाला. वर्ष १९५७. वय सतरा. सोबत बायको, रे. तीही विशीच्या आतली. दोघं बोटीने निघाले आणि लंडनच्या विम्बल्डन संघाकडे पोचले. टेनिसचं विम्बल्डन वेगळं. हा संघ प्लाऊ लेन नावाच्या स्टेडियमवर खेळायचा. आणि तिथे काय झालं? काही झालं नाही. चार-दोन संधी मिळाल्या, त्यात चमक दिसली नाही. त्याच मैदानावर हाताला पडेल ते काम करून त्याने दिवस काढले आणि शेवटी दोघं परतले.

श्रोतेहो, या परतीवर मला जरा थांबायचं आहे. खेळाडूंच्या गोष्टी सांगताना आपण पहिलं अपयश एका वाक्यात उरकतो, कारण पुढचं यश आपल्याला ठाऊक असतं. त्याला ते ठाऊक नव्हतं. गावचे दोन जण जगज्जेते, आणि हा विशीही गाठली नसताना हात हलवत परत आलेला. तो पुन्हा इंग्लंडला गेला तो थेट १९६३ साली. मधली वर्षं न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाच्या मैदानांवर गेली. ऑस्ट्रेलियात जॅक यंग नावाचा एक जुना वाघ होता, १९५१ आणि १९५२ चा जगज्जेता. त्याच्यापासून मेजर शिकला. गाडी कशी उघडायची, कशी जोडायची, मातीत पाणी किती आहे ते बघून काय बदल करायचे, फिती उडण्याच्या क्षणी अंगाचा भार कुठे हवा. ही शिकण्याची वर्षं होती, आणि ती कुणी पाहिली नाहीत.

दुसऱ्या खेपेला त्याने मोठ्या संघाचा हट्ट धरला नाही. उत्तरेकडच्या न्यूकॅसलला, खालच्या साखळीत, तो उतरला. त्या साखळीतल्या स्वारांचं वैयक्तिक विजेतेपद त्याने १९६३ ला घेतलं आणि १९६४ ला पुन्हा घेतलं. मग १९६६ मध्ये युरोपचं विजेतेपद. १९६७ च्या विश्वविजेतेपदात तिसरा. आणि १९६८ साली स्वीडनमधल्या गोथेनबर्गला पहिला.

तेव्हाचं विश्वविजेतेपद एकाच रात्रीत ठरायचं. वर्षभर निवड फेऱ्या खेळत सोळा जण अंतिम रात्रीला पोचायचे. वीस शर्यती, प्रत्येकाच्या वाट्याला पाच. म्हणजे अख्ख्या वर्षाचा निकाल पाच-सहा मिनिटांच्या गाडी चालवण्यावर. एक प्लग दगा देऊन गेला, एक चेन तुटली, की पुढच्या वर्षीपर्यंत थांबा. अशा स्पर्धेत १९६७ पासून १९७४ पर्यंत सलग आठ वर्षं हा माणूस पहिल्या तिघांत होता. माझे वडील ज्या निगुतीने रविवारी प्लग घासायचे, ती निगा या माणसाच्या प्रत्येक दिवसात होती. त्याच्या गाड्या धुऊन पुसून लख्ख असत. तो बेफाम स्वार नव्हता. त्याच्यापेक्षा धाडसी स्वार त्याच्या काळात होते, त्याच्यापेक्षा डोळ्यांना सुंदर दिसणारेही होते. पण फिती उडाल्यावर पहिल्या वळणात पुढे कोण, याचं उत्तर बहुतेक वेळा मेजर असायचं, आणि एकदा पुढे गेलेल्या मेजरला गाठणं कठीण होतं.

१९६८ आणि १९६९ जिंकल्यावर दोन अमेरिकन चाहत्यांनी त्याला शब्द दिला, की तू तिसऱ्यांदा जिंकलास तर तुझ्या गाडीला सोन्याचा मुलामा देऊ. सलग तीन वेळा तोवर कुणीही जिंकलं नव्हतं. १९७० ची अंतिम रात्र पोलंडमध्ये, व्रोत्सवाफ शहरात होती. पोलंडमध्ये हा खेळ म्हणजे आपल्याकडचं क्रिकेट. मेजरने पाचपैकी पाच शर्यती जिंकल्या. पंधरापैकी पंधरा. आणि त्या दोघांनी शब्द पाळला. ती सोनेरी जावा पुढे क्राइस्टचर्चच्या कँटरबरी म्युझियममध्ये पोचली.

पण माझ्या मनात त्या सोन्याच्या गाडीपेक्षा १९७१ ची रात्र जास्त घर करून आहे. न्यूकॅसलला असताना मेजरने ओले ओल्सेन नावाच्या एका डॅनिश पोराला हाताशी धरलं होतं. त्याला इंग्लंडला आणला, शिकवलं. जे स्वतः पाच वर्षं खर्ची घालून मिळवलं होतं ते त्याच्यासमोर उघडं केलं. १९७१ ला मेजर चौथ्या सलग विजेतेपदासाठी गोथेनबर्गला उतरला आणि त्याला हरवलं कुणी? ओल्सेनने. मेजर दुसरा आला. आपल्याकडे म्हणतात, सर्वत्र जय इच्छावा, पण शिष्याकडून आणि पुत्राकडून पराजय. ते वचन म्हणणं सोपं असतं. एकतीस वर्षांच्या, अजून भुकेल्या खेळाडूला त्या रात्री ते गोड लागलं असेल का, मला शंका आहे. पण त्याने शिकवणं थांबवलं नाही. पुढे हाच ओल्सेन एकूण तीनदा जगज्जेता झाला. त्याने डेन्मार्कमध्ये व्होयेन्स इथे मैदान उभारलं, आणि त्याच्या मागून आलेल्या डॅनिश पोरांनी १९८४ पासून १९८९ पर्यंत बाकीच्यांना जिंकू दिलं नाही.

१९७२ ला लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर मेजर पुन्हा जिंकला. आणि मग आलं १९७३. पोलंडमधलं खोझूफ. लाखाच्या वर माणूस स्टेडियममध्ये. वीस शर्यती संपल्या तेव्हा मेजर आणि येझी श्चाकिएल नावाचा पोलिश स्वार बरोबरीत. फार मोठं नाव नव्हतं ते. आता दोघांचीच एक शर्यत, जिंकेल तो जगज्जेता. सगळ्यांना वाटलं, मेजर घेणार. फिती उडाल्या, श्चाकिएल पुढे निघाला. मेजर त्याला आतून गाठायला गेला, जवळ आला, फार जवळ आला, त्याच्या गाडीला लागला आणि मातीत पडला. श्चाकिएलने उरलेल्या फेऱ्या एकट्याने मारल्या. पोलंडचा पहिला जगज्जेता. त्यांना दुसरा मिळायला २०१० उजाडलं.

त्यानंतरची काही वर्षं अशी गेली की लोक म्हणू लागले, मेजर संपला. १९७४ ला दुसरा, मग दोनदा पहिल्या तिघांतही नाही. वय पस्तिशीच्या पुढे. या खेळात या वयाला माणसं हाडांचे जुने सांधे कुरवाळत घरी बसलेली असतात. १९७७ ला गोथेनबर्गला धो धो पाऊस होता, मैदानाचा चिखल झालेला. शिकलेला माणूस अशा रात्री उपयोगी पडतो. तो जिंकला. आणि १९७९ ला अंतिम रात्र पुन्हा खोझूफला आली. तेच स्टेडियम, तीच माती. चाळिशीला महिना उरला होता. समोर विशीतली पोरं. आयव्हन मेजर सहाव्यांदा जगज्जेता झाला. सहा वेळा हे तोवर कुणालाच जमलं नव्हतं. त्याची बरोबरी व्हायला २००५ साल यावं लागलं, टोनी रिकार्डसन या स्वीडिश स्वाराच्या हातून.

ऐंशीच्या दशकात त्याने हळूहळू गाडी ठेवली. पुढचं आयुष्य रे बरोबर ऑस्ट्रेलियाच्या गोल्ड कोस्टला. ब्रिटनच्या राणीकडून दोनदा सन्मान मिळाले, १९७६ ला आणि १९८९ ला. खेळाडू निवृत्त झाला की त्याच्यापुढे मोठाच प्रश्न असतो. ज्या अंगभूत सवयीवर वीस-पंचवीस वर्षं पोट भरलं, तिचं सकाळी उठून करायचं काय? मेजरने पोरांना शिकवायचे वर्ग घेतले. पोरांना ओळीत उभं करायचं आणि बोलायचं. क्लच असा, पाय असा, नजर पुढच्या स्वाराच्या चाकावर नको, मोकळ्या जागेवर हवी. खेळत असतानाच त्याला बोलण्याची हौस होती. स्पर्धा आयोजित करणं, स्वारांचे दौरे जमवणं, ब्रिग्जबरोबर ही सगळी उस्तवार त्याने आनंदाने केली होती, आणि त्यात अर्धं काम तोंडाचंच असतं.

म्हणून त्याचा शेवटचा आजार मला फार लागतो. त्याला जो विकार झाला त्यात माणसाचे शब्द एकेक करून जातात. आधी नावं अडतात, मग वाक्यं. स्मृतिभ्रंशाचाच एक प्रकार, पण सुरुवात जिभेपासून. आपल्यापैकी कित्येकांनी घरातलं एखादं वडीलधारं माणूस असं शब्द शोधताना पाहिलं असेल. माझ्या वडिलांना शेवटच्या वर्षी ‘प्लग’ हा शब्द आठवेना. अंगठा आणि बोट गोल फिरवून ते दाखवायचे, आणि आम्हाला कळायचं.

आयव्हन मेजर १६ एप्रिल २०१८ ला गेला, गोल्ड कोस्टला, वयाच्या ७८ व्या वर्षी. १९५७ साली त्याच्याबरोबर बोटीवर चढलेली रे तेव्हाही जवळ होती. प्लाऊ लेनवर तो कामगारांबरोबर राबत होता ते तिने पाहिलेलं होतं, आणि खोझूफची ती दुसरी रात्रही तिला ठाऊक होती. त्याला शब्द सापडत नव्हते तेव्हा त्याला काय म्हणायचं आहे हे ओळखायला तिच्याइतकं जुनं माणूस दुसरं कुणी नव्हतं.

नमस्कार.